डाव्या हातालाही गाणं हवं

मूल पियानोच्या क्लासला जायला लागलं की वर्ष उलटायच्या आत घरातून एक प्रश्न हमखास येतो: 'फ्यूर एलिझ' कधी वाजवायला लागेल? प्रश्न साहजिक आहे. ती सुरावट सगळ्यांच्या कानात बसलेली असते आणि तिचे सुरुवातीचे सूर एका बोटानंही काढता येतात. पण बीथोवननं १८१० साली लिहिलेली ही रचना तेवढ्यावर संपत नाही. पुढे उजव्या हाताला झरझर पळणारे स्वर येतात, त्यानंतर डाव्या हाताला एकच स्वर न थकता, लय न मोडता वाजवत राहावं लागतं. तिथे मूल अडतं. मग पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि बाकीची रचना 'नंतर बघू' म्हणून राहून जाते.

अडलेल्या मुलाला कुणीतरी बाजारातली 'सोपी आवृत्ती' आणून देतं. तिच्यात वरची सुरावट तेवढी शिल्लक असते आणि डाव्या हाताला मात्रेगणिक एखादा स्वर दाबण्यापलीकडे काम नसतं. मोठ्या माणसाचा सदरा आखूड करून मुलाला चढवावा, तसा हा प्रकार. अंगात जातो, पण बसत नाही. आणि त्याची गरजही नाही. बाख, शुमान, चायकॉव्स्की, बार्टोक अशा थोर संगीतकारांनी मुलांसाठी मुळातच छोट्या रचना लिहिल्या आहेत. त्यातल्या कित्येक एका पानात मावतात आणि त्यांच्यात एकही स्वर भरतीचा नसतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाच्या हाती हीच पानं पडावीत, असं मला मनापासून वाटतं.

पेटीवरून पियानोकडे

मराठी घरातल्या मुलाची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांशी पहिली ओळख बऱ्याचदा पेटीवर होते. तिथे उजवा हात सूर काढतो आणि डावा भाता मारतो. पियानोवर हा सगळा हिशेब बदलतो. पेटीचा सूर भात्यात हवा असेतो टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. पेटीचा आवाज भात्याच्या दाबावर कमी-जास्त होतो, पियानोचा प्रत्येक बोटाच्या वजनावर. सर्वांत मोठा फरक डाव्या हाताचा. पियानोवर त्याला स्वतःचं गाणं असतं.

आपला कान एका सुरावटीच्या मागे जायला सरावलेला असतो. दोन सुरावटी एकाच वेळी, एकमेकींचा मान राखत चाललेल्या ऐकणं ही सवय नवी आहे आणि ती लहानपणी लवकर लागते. म्हणून रचना निवडताना पहिली नजर खालच्या ओळीकडे टाकावी. तिथे डाव्या हाताला काही बोलायला दिलं आहे का, ते पाहावं.

अगदी पहिल्या महिन्यांत अर्थातच पाच बोटं आणि पाच पट्ट्या एवढाच मुलूख असतो. त्यातही खरं संगीत आहे. डियाबेल्ली या व्हिएन्नाच्या संगीतकार-प्रकाशकाच्या एका वॉल्ट्झवर बीथोवननं ३३ रूपं रचली, हे प्रसिद्धच आहे. त्याच डियाबेल्लीनं ओपस १४९ मध्ये दोघांनी एका पियानोवर शेजारी बसून वाजवायच्या २८ रचना दिल्या आहेत. मुलाच्या बोटांना पाच स्वरांबाहेर जावं लागत नाही, शेजारी बसलेले शिक्षक खालच्या पट्ट्यांवरून भरगच्च साथ देतात आणि पहिल्याच वर्षी मुलाला मोठ्या संगीताच्या आत बसल्याचा अनुभव मिळतो. बीथोवनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगानही या टप्प्यावर चालतं. ते रूपांतर असलं तरी मूळ सुरावटच एखादा खालचा स्वर सोडला तर पाच स्वरांत फिरते. सोपं करताना तिचं काही हरवत नाही.

बाखच्या घरातल्या वह्या

२२ जानेवारी १७२० रोजी योहान सेबास्टियन बाखनं आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याच्यासाठी एक वही सुरू केली. तिच्यातली पहिली छोटी रचना बोटांच्या अभ्यासाची आहे आणि तिच्या स्वरांवर कुठलं बोट वापरायचं त्याचे आकडे आहेत. पुढे याच वहीत त्याच्या 'इन्व्हेन्शन्स'ची पहिली रूपं उतरली. दोन हात, दोन स्वतंत्र सुरावटी आणि दोन्ही गाण्यासारख्या वाजल्या पाहिजेत, ही बाखची शिकवण. इन्व्हेन्शन्स नवशिक्यासाठी नाहीत, दोन-तीन वर्षांनंतर त्यांचा विचार करावा. पण तिथवर नेणारी वाट त्याच घरातल्या दुसऱ्या वहीत आहे.

बाखनं आपली पत्नी आना माग्दालेना हिला १७२५ साली दिलेल्या वहीत घरात वाजवायची मिन्युएट, मार्च, पोलोनेझ उतरवलेली आहेत. त्यातलं सर्वांत लाडकं जी मेजरमधलं मिन्युएट. पिढ्यान्‌पिढ्या ते बाखच्या नावानं शिकवलं गेलं. विसाव्या शतकातल्या संशोधनानं ते ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचं असल्याचं दाखवलं. जुन्या पुस्तकांत अजून बाखचंच नाव दिसतं.

या मिन्युएटचं पान जरा जवळून पाहू. तीन मात्रांची चाल, सोळा-सोळा मात्राखंडांचे दोन भाग. सुरुवातीला उजवा हात चालतो आणि डावा बहुतेक वेळ लांब स्वर धरून असतो. आठव्या खंडात उजवा हात एका लांब स्वरावर थांबतो आणि नेमक्या त्याच क्षणी डावा हात एक छोटी उतरती ओळ घेऊन सुरावट पुढे नेतो. मुलाला हे शब्दांत सांगायची गरज पडत नाही, त्याच्या हातांनाच ते कळतं. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. शिवाय ही रचना पियानोआधीच्या कीबोर्ड वाद्यांसाठी लिहिलेली असल्यामुळे पेडल लागत नाही. ज्यांचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

सात वर्षांच्या मारीसाठी

१८४८ साली रॉबर्ट शुमाननं थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी काही छोट्या रचना लिहिल्या. त्यांतूनच 'आल्बम फॉर द यंग' हा ४३ रचनांचा संग्रह उभा राहिला. याच शुमानच्या 'किंडरसेनेन' या संग्रहाशी मात्र त्याची गल्लत करू नये. त्यातही बालपणच आहे, पण ते मोठ्या माणसाला आठवलेलं. वाजवायलाही ते मोठ्यांचंच आहे.

आल्बममधल्या दोन रचना प्रत्येक मुलापर्यंत पोचाव्यात असं वाटतं. 'आनंदी शेतकरी'मध्ये गाणं सुरुवातीपासून डाव्या हाताकडे आहे आणि उजवा हात वर हलके ठोके देतो. 'बेफाम घोडेस्वार'मध्ये तीन-तीनच्या झोक्यावर घोडा आधी उजव्या हातात दौडतो, मध्ये सूर बदलतो आणि लगाम डाव्या हाताकडे जातो, शेवटी पुन्हा उजव्याकडे. सगळी रचना २४ खंडांची. सहा-सात वर्षांचं मूल ती पहिल्यांदा ऐकतं तेव्हाच 'मला हे हवं' म्हणतं आणि त्या हट्टापायी डाव्या हाताचा कंटाळवाणा वाटणारा रियाजही करतं.

शुमानचा आदर्श समोर ठेवून चायकॉव्स्कीनं १८७८ साली आपल्या भाच्यासाठी २४ रचनांचा संग्रह केला. त्यात एका बाहुलीची गोष्ट आहे: ती आजारी पडते, तिची अंत्ययात्रा निघते आणि मग नवी बाहुली येते. 'आजारी बाहुली'त स्वर थोडे आहेत, पण त्यांच्यामध्ये निःशब्द जागा आहेत. त्या जागा धीरानं सांभाळायला जो शिकला, तो वाजवायला शिकला. मुलांना दुःख पेलणार नाही म्हणून अशा रचना टाळू नयेत. मुलांना त्या मनापासून आवडतात.

बार्टोकचे थाट

हंगेरीचा बेला बार्टोक खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा करत असे. १९०८ पासून त्यानं हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवरून मुलांसाठी ऐंशीहून अधिक छोट्या रचना केल्या आणि त्यांत सप्तकाचा ताण कुठेही ठेवला नाही. पियानोवरचं सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंद असतं. सात वर्षांच्या हाताला ते झेपत नाही, हे त्यानं लक्षात ठेवलं. पुढे 'मिक्रोकॉस्मोस' हे त्याचं १५३ रचनांचं सहा भागांचं काम आलं. त्याचे पहिले दोन भाग त्यानं आपल्या मुलाला, पीटरला अर्पण केले. पहिल्या पानांवर दोन्ही हात एकच सुरावट वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात. म्हणजे डाव्या हाताला पहिल्याच दिवशी पूर्ण गाणं मिळतं.

आपल्या मुलांना बार्टोक जवळचा वाटायला आणखी एक कारण आहे. मिक्रोकॉस्मोसमध्ये डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन या जुन्या युरोपीय स्वरपंक्तींवर रचना आहेत. त्यांचे स्वर म्हणजे अनुक्रमे आपल्या काफी, भैरवी, कल्याण आणि खमाज थाटांचे स्वर. चलन वेगळं आहे, राग तो नव्हे. पण गाण्याच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानाला ते स्वर ओळखीचे लागतात आणि परक्या पानावर आपलं माणूस भेटतं.

निवडताना आणि विकत घेताना

पानाच्या वर संगीतकाराच्या नावाजवळ 'अरेंज्ड बाय' असं दिसलं की ते रूपांतर समजावं. नुसतं संगीतकाराचं नाव असेल तर रचना बहुधा मुळातली. सप्तकाची उडी आहे का आणि सर्वांत झरझर स्वर कुठे आहेत, ते पाहावं. सगळ्या रचनेची लय त्या अवघड खंडावरून ठरते, सोप्या सुरुवातीवरून नाही. आठवडाभरात एक-एक हात सुटा बसत नसेल, तर ती रचना सहा महिन्यांनी काढावी.

बीथोवन, शुमान, चायकॉव्स्की यांच्या जुन्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मात्र जुन्या आवृत्त्यांत संपादकांनी आपल्या मनानं लिहिलेली लय, पेडल आणि जोडरेघा असतात, तेव्हा शिक्षकांना दाखवूनच घ्याव्यात. छापील पुस्तकं हवी असतील तर १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज हे मुंबई-गोव्यातल्या वादकांचं जुनं ठिकाण आहे. घरी कीबोर्ड असेल तर पहिल्या वर्षी ६१ पट्ट्या पुरतात, पण बोटाच्या वजनाप्रमाणे आवाज कमी-जास्त होईल असाच घ्यावा. नाहीतर वर सांगितलेलं निम्मं संगीत त्यावर ऐकूच येणार नाही.

लंडनच्या एबीआरएसएम आणि ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे बरीच मुलं देतात. त्यांच्या याद्या विचारपूर्वक केलेल्या असतात, त्यांतून निवडीला मदतही होते. पण तीन रचनांवर वर्ष काढायचं आणि निकाल लागला की त्या विसरायच्या, हे मुलाचं नुकसान आहे. ग्रेडच्या तीन रचनांबरोबर वर्षभरात त्याहून सोप्या दहा-बारा रचना हाताखालून गेल्या पाहिजेत. वाचनाचा वेग तिथेच वाढतो आणि कानही तिथेच तयार होतो.

निवडीत मुलाचं मतही हवंच. या दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मुलाला शेजारी बसवा. पेट्झोल्डचं मिन्युएट, शुमानचा घोडेस्वार आणि बार्टोकच्या दोन रचना त्याला ऐकवा. मिक्रोकॉस्मोसमधल्या काही रचना बार्टोकनं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केल्या आहेत, त्याही शोधा. मग यातलं काय शिकायचं, ते मुलाला ठरवू द्या. त्याला जे आवडलं ते त्याच्या हाताला झेपणारं असेल आणि डाव्या हातालाही त्यात गाणं असेल, तर 'फ्यूर एलिझ'ची घाई करायचं कारण उरत नाही. ती वेळ आल्यावर येईल आणि पूर्ण येईल.