भातखाचरांतले मरीन

८ मार्च १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील दा नांग शहराजवळ अमेरिकेच्या मरीन कोअरच्या दोन बटालियन, म्हणजे सुमारे साडेतीन हजार जवान, दाखल होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यावर सोपविलेली कामगिरी तेथील विमानतळाच्या रक्षणापुरतीच होती. मरीन म्हणजे समुद्रमार्गे येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर चढाई करण्यासाठी घडविलेले पायदळ. १९४५ साली जपानच्या इवो जिमा बेटावरची घनघोर लढाई या दलाने ३६ दिवसांत संपविली होती. व्हिएतनाममध्ये मात्र त्याच दलाला सहा वर्षांहून अधिक काळ भातखाचरांत आणि सरहद्दीवरच्या डोंगरांत पाय रोवून राहावे लागले.

मरीनांच्या वाट्याला दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर टोकाचे पाच प्रांत आले. तेथील बहुतेक वस्ती समुद्र आणि डोंगर यांमधल्या चिंचोळ्या भातपट्टीत होती आणि गनिमी काव्याने लढणारे व्हिएतकाँग आपले धान्य, माणसे व बातम्या याच गावांतून मिळवीत असत. दा नांगचे सेनापती लुइस वॉल्ट आणि पॅसिफिकमधील मरीन दलांचे प्रमुख व्हिक्टर क्रुलॅक या दोघांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की, टीपकागदावर शाईचा डाग पसरावा तसे एकेक गाव सुरक्षित करीत पुढे सरकावे. सुगीच्या दिवसांत, कापणी चाललेल्या शेतांभोवती मरीनांनी पहारा धरावा आणि व्हिएतकाँगांना भाताची वसुली करू देऊ नये, ही १९६५ च्या सप्टेंबरपासूनची मोहीम याच विचारातून आली.

त्याच वर्षी फू बाई येथे संयुक्त प्लॅटूनचा प्रयोग सुरू झाला. सुमारे चौदा मरीन व नौदलाचा एक वैद्यकीय सहायक अशी छोटी तुकडी स्थानिक गावरक्षकांच्या तीसपस्तीस जणांच्या पथकात मिसळून गावातच मुक्काम करी. दिवसा सहायकाने गावकऱ्यांच्या जखमा धुवाव्यात आणि रात्री याच जवानांनी गावरक्षकांबरोबर बांधाआड दबा धरून बसावे, असा हा क्रम होता. चिखलातली वाट कोणती धोक्याची, कोणत्या घरातला मुलगा रानात गेला आहे, हे गावरक्षकाला ठाऊक असे. रेडिओवरून तोफांचा मारा मागविण्याची सोय मरीनांकडे असे. या युद्धात अमेरिकेने केलेल्या प्रयोगांपैकी सर्वांत शहाणपणाचा प्रयोग हाच म्हणावा लागेल, परंतु त्याला फारच थोडी माणसे दिली गेली. १९६८ मध्ये व्हिएतनाममधील मरीनांची संख्या ८५ हजारांच्या घरात पोहोचली होती; या प्लॅटूनांतले मरीन मात्र, प्लॅटूनांची संख्या शंभरावर गेली तेव्हाही, दोन हजारांच्या आसपासच राहिले.

व्हिएतनाममधील अमेरिकी फौजांचे सर्वोच्च सेनापती विल्यम वेस्टमोरलंड यांचा भर शत्रूच्या मोठ्या फौजा हुडकून त्यांचा नाश करण्यावर होता, आणि उत्तर व्हिएतनामची नियमित सेना सरहद्द ओलांडून येऊ लागल्यावर मरीनांनाही डोंगरांकडे वळावे लागले. १९६७ च्या वसंतात सरहद्दीजवळच्या खे सान्ह ठाण्याभोवतीच्या टेकड्यांवर नव्या एम-१६ रायफली ऐन चकमकीत अडकत, आणि आत रुतलेले रिकामे काडतूस नळीतून गज घालून ढकलून काढण्याची पाळी जवानांवर येई. हत्यार धड नसताना त्यांना पुढे धाडले गेले, ही गोष्ट अक्षम्यच होय. २१ जानेवारी १९६८ पासून त्याच खे सान्हला ७७ दिवसांचा वेढा पडला, त्याच सुमारास शत्रूच्या ताब्यात गेलेले ह्युए शहर घराघरांतून लढत परत घ्यावे लागले, आणि इतके रक्त सांडून राखलेले खे सान्हचे ठाणे जुलैमध्ये अमेरिकनांनी स्वतःच मोडून सोडून दिले.

गावांतल्या कामाला आणखी एका नियमाने सुरुंग लावला. प्रत्येक मरीनची नेमणूक साधारणतः तेरा महिन्यांची असल्यामुळे गावाची भाषा थोडीफार उमगून माणसे ओळखीची होतात न होतात, तोच जवान मायदेशी परते आणि त्याच्या जागी आलेल्याला बांधावरची वाट पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागे. गावरक्षक मात्र वर्षानुवर्षे तेच असत. या युद्धात तेरा हजारांहून अधिक मरीन लढताना मारले गेले. १९७१ च्या पूर्वार्धात मरीनांच्या उरलेल्या लढाऊ तुकड्या माघारी गेल्या, संयुक्त प्लॅटूनही मोडण्यात आल्या, आणि खाचरांच्या बांधावर रात्रीच्या पहाऱ्याला फक्त गावरक्षक उरले.