घरातली हवा – लेखांक ६ : ओली कॉइल आणि अतिनील दिवा

मुंबई-मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून रत्नागिरीला थांबते. तिच्या डब्यांच्या छपरावर बसवलेल्या वातानुकूलन यंत्रात अतिनील किरणांनी हवा निर्जंतुक करण्याची सोय आहे. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने केलेल्या शिफारशीनुसार ती तयार झाली. बाहेरून घेतलेली ताजी हवा आणि डब्यातून परत येणारी हवा, दोन्ही या किरणांखालून जातात. गाडीत आहे म्हटल्यावर घरच्या एसीलाही असा दिवा लावावा का, हा प्रश्न साहजिकच येतो. माझं उत्तर असं, की हवेसाठी लावू नका. लावायचाच तर कॉइलसाठी लावा.

किरणं नेमकी कोणती, ते आधी पाहू. पाऱ्याच्या वाफेच्या नळीतून निघणारी सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीची किरणं जिवाणू-विषाणूंच्या डीएनए-आरएनएमध्ये बिघाड करतात, मग त्यांची वाढ थांबते. पाण्याच्या यूव्ही फिल्टरमध्ये बहुधा हीच नळी असते. हवेवरचा तिचा सर्वात सुंदर पुरावा बाल्टिमोरचा आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा नळांतून वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनिपिगांकडे नेली. अनेक गिनिपिगांना क्षय झाला. क्षय हवेतून पसरतो, हे त्यातून प्रयोगाने सिद्ध झालं. दुसऱ्या गटाकडे जाणाऱ्या नळात मात्र अतिनील दिवे होते. त्या गटातल्या एकाही प्राण्याला लागण झाली नाही.

तिथे हवेला लांबच लांब नळ होता आणि दिवेही जोरदार होते. किरणांची मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. रत्नागिरीच्या घरांत मात्र असतो तो स्प्लिट एसी. त्याला डक्ट नसतो. खोलीतली तीच हवा आत ओढायची, थंड करायची आणि पुन्हा खोलीत सोडायची, एवढंच त्याचं काम. इनडोअर युनिटमधून हवा सेकंदाच्या लहानशा भागात निघून जाते. तेवढ्यात बोटभर दिवा काय करणार? त्यात हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर गेली की बऱ्याच जिवाणूंवर या किरणांचा परिणाम कमी होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती सहसा त्याहून जास्तच असते.

कॉइलची गोष्ट वेगळी. ती जागची हलत नाही, त्यामुळे मंद दिवासुद्धा तासन्‌तास तिच्यावर पडत राहिला तर मात्रा साठत जाते. आणि खरा उपद्रव तिथेच असतो. पावसाळ्यात कॉइलवर सतत पाणी सुटतं, फिल्टरमधून निसटलेली धूळ त्या ओल्या फिन्सना चिकटते, खालची ट्रे भरलेली राहते. सकाळी एसी बंद केला की आत अंधार, ओल आणि अन्न, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं. रात्री एसी लावल्यावर पहिली काही मिनिटं येणारा कुबट वास बहुतेक वेळा याचाच असतो. मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात म्हणूनच दिव्याचा रोख कॉइल आणि ट्रेवर ठेवतात. काळ्या बुरशीचे बीजाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असतात, पण रोज किरणं पडत राहिली तर नवी बुरशी धरत नाही. फिन्सच्या आड, जिथे प्रकाश पोचत नाही, तिथे मात्र ती टिकते.

विकत घेताना भुलवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. जांभळा उजेड दिसला म्हणजे जंतुनाश झाला असं नाही. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त एलईडींचा उजेड जांभळाच, पण जंतू मारण्याची ताकद नगण्य. काही नळ्यांतून १८५ नॅनोमीटरची किरणंही निघतात आणि त्यांनी ओझोन तयार होतो. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक, दमेकऱ्यांना तर फारच. २५४ची किरणं डोळ्यांवर पडली तर काही तासांनी डोळे चुरचुरतात, लाल होतात, त्वचाही भाजते. म्हणून झाकण उघडताच आपोआप बंद न होणारा दिवा घरात नको. प्लास्टिकही या किरणांनी ठिसूळ होतं, आणि इनडोअर युनिटमध्ये प्लास्टिकच जास्त. नळीचं आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे सतत चालवल्यास वर्षभर. त्यानंतरही ती निळी दिसत राहते, पण कामाची किरणं घटलेली असतात. जुन्या नळीत पारा असतो, ती कचऱ्यात टाकू नये.

धूळ, धूर, तळणाचा वास यांपैकी काहीही हा दिवा काढत नाही. म्हणून बहुतेक घरांना मी आधी वेगळा खर्च सांगेन. दर पंधरवड्याला फिल्टर धुवा. पावसाळ्याआधी आणि नंतर जेट पंपाने कॉइल आणि ट्रे साफ करून घ्या, ड्रेन पाइप तुंबलेला नाही ना तेही मिस्त्रीला पाहायला लावा. एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता पंखा चालवून कॉइल सुकवा. पाऊस उघडला की खिडक्या उघडा, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. एवढं करूनही कुबट वास राहिला, किंवा घरात प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असला, तर कॉइलवर रोखलेल्या दिव्याचा विचार जाणकाराकडून बसवून घेण्याच्या अटीवर करावा.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती.