भिंतींना देणगीदार मिळतो, स्वयंपाकिणीच्या पगाराला कोण?

भोपाळमध्ये पत्रकार कॉलनीजवळ मध्य प्रदेश सरकारने सुमारे २४ कोटी रुपये खर्चून सशुल्क ज्येष्ठ निवास बांधला. राजधानीत झालं ते आपल्याही गावात व्हावं, असं बालाघाटच्या कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. पण अशा बातम्यांत खोल्या, लिफ्ट, बाग आणि फीत कापणारे हात दिसतात; दहाव्या वर्षी तिथल्या स्वयंपाकिणीला पगार कुठून मिळणार, हे दिसत नाही. लहान गावातल्या निवासाचं भवितव्य मात्र त्या पगारावरच ठरतं.

बालाघाट मध्य प्रदेशात असलं तरी त्याचा रोजचा व्यवहार गोंदिया-नागपूरशी आहे. १९५६ पर्यंत राज्याची राजधानीही नागपूरच होती आणि बालाघाटजवळच्या भरवेलीची मँगनीज खाण चालवणाऱ्या मॉइलचं मुख्यालय आजही तिथेच आहे. शिकलेली मुलं नागपूर, पुणे, रायपूरला जातात. आईवडील घर आणि धानाची शेती राखत मागे राहतात. त्यात या जिल्ह्याचं एक वेगळेपण आहे, आणि कुठल्याही नियोजनाची सुरुवात तिथून व्हायला हवी. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्यांत विधवा आणि एकट्या स्त्रियांचा भरणा मोठा असणार. यातल्या बहुतेकींनी आयुष्यभर शेतात नाहीतर घरात काम केलं. त्यांच्या नावावर पेन्शन नाही, बहुधा घरही नाही. ज्यांना निवाऱ्याची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच पैसे भरण्याची ऐपत सर्वांत कमी.

ऐपत म्हणजे किती, तेही पाहू. मध्य प्रदेशात सामाजिक सुरक्षा पेन्शन महिन्याला ६०० रुपये आहे. कर्मचारी पेन्शन योजनेचं (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर थांबलेलं आहे. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसालाही त्या सूत्राने पाच हजार मिळत नाहीत. निवृत्त शिक्षक, वनखात्यातले कर्मचारी, बँकवाले यांची गोष्ट वेगळी. तेच या गावातले खरे ‘शुल्क भरू शकणारे’ ज्येष्ठ.

आता खर्च. आकडे मी गृहीत धरलेले आहेत, हिशेबाची रीत मात्र कुठल्याही गावाला लागू पडेल. समजा, तीस जणांचा निवास आहे. सगळ्यांत जास्त चूक मनुष्यबळाच्या हिशेबात होते. ‘रात्रंदिवस दोन मदतनीस ठेवू’ असं ठरतं आणि तक्त्यात दोन पगार लिहिले जातात. आठवड्याचे तास १६८, आणि एक माणूस काम करतो ४८ तास. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसं. रजा आणि आजारपण धरलं की चार. दोन मदतनीस चोवीस तास हवे असतील तर आठ पगार द्यावे लागतात. प्रत्येकी १२ हजार धरले तर ९६ हजार. स्वयंपाकीण, तिची मदतनीस, सफाई कामगार आणि व्यवस्थापक मिळून ६० हजार. जेवणाचे माणशी रोज शंभर रुपये, म्हणजे ९० हजार. वीज, गॅस, औषधं, दवाखान्यात ने-आण यांचे ४५ हजार. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ३० हजार. बेरीज ३ लाख २१ हजार, माणशी १०,७०० रुपये. यात जागेचं भाडं नाही, कर्जाचा हप्ता नाही. जमीन आणि इमारत फुकट मिळाली असं समजून हा आकडा येतो. पालकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये झालेल्या कायद्यातली कमाल रक्कम दरमहा १०,००० रुपये आहे. मुलाने कायद्याने मागता येईल तेवढा सगळा निर्वाहभत्ता दिला, तरी आईचा इथला महिना भागत नाही.

सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याचा आधार मोठा आहे. पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. घरी परतल्यावर कूस बदलून देणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या हाताचा पगार त्यातून निघत नाही.

महाराष्ट्राने वृद्धाश्रमांच्या बाबतीत मोठा प्रयोग केलेला आहे, आणि बालाघाटने तो बारकाईने वाचायला हवा. नोव्हेंबर १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. प्रत्येक आश्रमाची क्षमता शंभर. वार्षिक उत्पन्न १२ हजारांपेक्षा जास्त असलेल्या वृद्धाने महिना ५०० रुपये भरायचे, बाकीच्यांना निवास मोफत. सामाजिक न्याय विभागाच्या माहितीत असे २४ आश्रम चालू आहेत, तेही विनाअनुदान तत्त्वावर. कल्पना उदार होती, आणि सधन-निर्धन एकाच पंगतीत बसवणारी ही रचना मला आजही पटते. पण शुल्काचा आकडा सरकारी निर्णयातच लिहिला गेला आणि तो दरवर्षी वाढवण्याची सोय ठेवली गेली नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर १९९५ चे ५०० रुपये म्हणजे तीस वर्षांनंतरचे २,८०० हून अधिक. मधल्या फरकाची भरपाई संस्थाचालकांनी दारोदार फिरून करायची. अशाने चांगली माणसं थकतात. आणि चालवणारी माणसं थकली की आधी दुरुस्ती थांबते, मग रात्रपाळीचा मदतनीस कमी होतो, शेवटी नव्या वृद्धांना प्रवेश मिळेनासा होतो.

अमेरिकेने हा तिढा दोन भागांत सोडवला. तिथल्या १९५९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम २०२ खाली गरीब वृद्धांची घरं बांधायला सरकार बिनव्याजी भांडवल देतं. चाळीस वर्षं ती घरं त्याच कामासाठी वापरली तर ते परत मागितलं जात नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. राहणारा आपल्या उत्पन्नाच्या तीस टक्के भाडं देतो आणि मान्य झालेला चालू खर्च व हे भाडं यांतला फरक सरकार वेगळ्या कराराने भरतं. बांधकामाचा पैसा आणि चालवण्याचा पैसा यांच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या. आपल्याकडे पहिल्या वहीसाठी आमदार निधी, नगरपालिका, मोठे दाते सगळे पुढे येतात. दुसरी वही उघडलीच जात नाही.

मग बालाघाटने काय करावं? वरच्याच तीस जणांतले पंधरा १३ हजार, आठ ५ हजार आणि सात जण फक्त ६०० रुपये देतात असं धरू. जमा होतात २,३९,२०० रुपये. महिन्याची तूट जवळपास ८२ हजार, वर्षाची पावणेदहा लाखांच्या वर. ही तूट कायम निधीच्या व्याजातून भरायची, तर सात टक्के दराने १ कोटी ४० लाख लागतील. पण सगळं व्याज खाल्लं तर महागाईने निधी झिजतो. चारच टक्के खर्चून उरलेलं व्याज मुद्दलात घालायचं, तर जवळपास अडीच कोटी हवेत. या छोट्या निवासाची खरी किंमत इमारत अधिक अडीच कोटी. हे ऐकायला कडू आहे, पण भूमिपूजनाच्या आधीच ऐकलेलं बरं.

प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या अनामत रकमेबद्दल तर मी हटूनच बोलेन. पंधरा जणांकडून तीन-तीन लाख घेतले की ४५ लाख जमतात आणि विश्वस्तांना वरचा मजला खुणावू लागतो. तो पैसा त्यांचा नाही. एका वर्षात चार जण गेले तर वारसांना १२ लाख परत द्यायचे असतात. अनामत वेगळ्या खात्यात राहावी, तिला हात लावायचा नाही, हे न्यासाच्या घटनेतच लिहिलं पाहिजे. वार्षिक शुल्कवाढीचं सूत्रही प्रवेशाच्या करारात हवं, म्हणजे दरवर्षी आजी-आजोबांशी घासाघीस करण्याची वेळ कुणावर येणार नाही.

पुण्यतिथीला एक दिवसाचं जेवण देण्याची आपली रीत सुंदर आहे, ती चालू राहावी. पण पितृपक्षात पंगतींना रांग लागते आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत कुणी फिरकत नाही. म्हणून दात्यांनी जेवणाऐवजी एका मदतनिसाचा वर्षाचा पगार उचलावा. वरच्या हिशेबाने तो १ लाख ४४ हजार होतो. दहा-बारा कुटुंबं मिळून तो सहज देऊ शकतात. राज्य सरकारकडे मागायचं तर दुसरी इमारत मागू नये, निर्धन वृद्धामागे दरमहा ठरावीक आणि महागाईशी बांधलेली रक्कम मागावी. २००७ च्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. दीडशे जणांचं एकच मोठं घर बालाघाटसारख्या गावाला पेलणार नाही. बालाघाटसोबत वारासिवनी, लांजी, कटंगी, बैहर इथेही तीस-तीसची घरं झाली तर माणसं आपल्या ओळखीच्या गावात राहतील आणि दातेही जवळचे असतील.

उद्या कुणी वृद्धाश्रमाच्या भूमिपूजनाची पत्रिका घेऊन तुमच्या दारी आलं, तर नकाशासोबत पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचा तक्ता मागा. तो दाखवला तर सढळ हाताने द्या. नसेल, तर तो तयार होईपर्यंत देणगी थांबवा.