कार्ड रीडर घेण्याआधी कार्ड उलटून पाहा

पावसाळ्यात कसारा घाटातले धबधबे आणि १:३७ च्या चढावर गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने टिपायला येणाऱ्यांचे ६४ जीबीचे कार्ड सहज भरते. ते रिकामे करायला सर्वांत महागडा रीडरच हवा, हे मला पटत नाही. कार्ड, रीडर आणि यूएसबी पोर्ट यांत जे सर्वांत संथ, त्यावरच वेग ठरतो. एसडी कार्डांच्या वेगाच्या यूएचएस-१ या मानकाची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. कार्डाच्या मागे पिनांची दुसरी ओळ असेल तर ते यूएचएस-२. त्याची मर्यादा ३१२ एमबी. पण तेही यूएचएस-१ रीडरमध्ये घातले की यूएचएस-१च्याच वेगाने चालते.

मग अगदी स्वस्तातला का नको? यूएसबी २.० रीडर प्रत्यक्षात ३५-४० एमबीच्या आसपास अडतो. ६४ जीबीला जवळजवळ अर्धा तास जातो. यूएसबी ३ वर चांगले यूएचएस-१ कार्ड तेच काम साधारण १२ मिनिटांत करते. कॅमेऱ्यालाच केबल जोडली तर? चालते, पण बॅटरी खर्च होते आणि ती मध्येच संपली तर कॉपी अर्धवट राहते. म्हणून यूएचएस-१ कार्ड असेल तर यूएसबी ३ चा साधा रीडर घ्या. यूएचएस-२ रीडरवरचा जादा खर्च कार्ड तसे असेल तरच करा.