ओटीपोटातील कळा आणि दुखण्याची गोळी

आम्ही ऊसविकास खात्याची माणसे. औषधावर लिहिणे आमचे काम नव्हे. पण २०१९ साली सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तोडणीला येणाऱ्या टोळ्या आपल्याच फडात राबतात, म्हणून लिहितो.

पाळीच्या वेळी गर्भपिशवीत प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने पिशवी आवळते, कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या ते द्रव्य तयार होऊच देत नाहीत. म्हणून कळ सुरू होताच घ्यावी, असह्य होईपर्यंत थांबू नये; दोन-तीन दिवसच, तीही चार घास खाऊन. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. उन्हात पाण्यावाचून राबणारीने तर जास्तच जपावे, मूत्रपिंडाला धोका असतो.

ताप, अंगावरून घाण वासाचे जाणे, पाळी नसतानाही दुखणे, यात गोळीने दुखणे नुसते दबते. जंतुसंसर्ग असेल तर औषधच वेगळे लागते. लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. कोणी पिशवी काढायला सांगितलीच, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

दवाखान्याच्या दिवसाचा खाडा मुकादमाने कापू नये, असे आम्ही टोळ्यांना सांगत आहोत. सभासदांनीही आपापल्या फडात लक्ष ठेवावे.