सायकलीचे चाक का बसते?

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. अशा गावाकडे खेड्यातून सायकलीने शाळेस येणाऱ्या मुलाची वाट खडीची आणि बाभळीच्या काट्यांची असते. परीक्षेच्या दिवशी तो घाईने निघतो आणि वाटेतच सायकल डगमगू लागते. उतरून पाहावे, तो चाक बसलेले! ‘नशीबच फुटके’ असे म्हणत तो सायकल ढकलू लागतो. परंतु दोष बहुधा नशिबाचा नसतो.

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते. म्हणून प्रत्येक दगडाचा धक्का अंगास बसतो. पूर्वी सायकलीच्या चाकांनाही भरीव रबर असे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेने फुगवलेली रबरी नळी वापरून पाहिली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. कोंडलेली हवा धक्के सोसते आणि स्वाराचा भारही उचलते.

ही हवा मात्र कायम टिकत नाही. सायकल नुसती उभी असली, तरी ट्यूबच्या रबरातून हवा अगदी हळूहळू बाहेर झिरपते. चाक मऊ पडते. मग ते दगडावर आदळले, की दगड आणि लोखंडी कडा यांच्या चिमट्यात ट्यूब सापडते व तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. काट्याची रीत निराळी. तो कधी कधी टायरमध्ये रुतून राहतो, चाक फिरताना आत सरकतो आणि काही काळाने ट्यूबपर्यंत पोहोचतो. म्हणजे आजच्या पंक्चरची तयारी कालच झालेली असते!

यावर उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा चाक अंगठ्याने दाबून पाहावे. मऊ लागल्यास पंपाने हवा भरावी. हवा किती असावी, हे बहुधा टायरच्या बाजूवर लिहिलेले असते. त्याहून अधिक भरू नये. टायरमध्ये रुतलेले काटे व काचा काढून टाकाव्यात. पंक्चर झालेच, तर फुगवलेली ट्यूब पाण्यात बुडवावी. बुडबुडे येतील तेथे छिद्र समजावे. मात्र ठिगळ लावल्यावर टायरच्या आतून जपून बोट फिरवून काटा शोधावा. तो तसाच राहिला, तर नवे ठिगळ व्यर्थ जाते.

रविवारी सायंकाळी चाकाकडे पाच मिनिटे लक्ष देणारा मुलगा सोमवारी शाळेची घंटा होण्यापूर्वी वर्गात पोहोचतो.