परदेशी बाजारपेठ आणि नाशिकची द्राक्षे

निर्यात-विक्री म्हटली की जाहिराती, प्रदर्शने आणि गोड बोलणारे दलाल, एवढेच चित्र बहुधा श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु ज्या मालाचे आयुष्य आठवड्यांत मोजावयाचे, त्याची विक्री बागेतच सुरू होते. नाशिकच्या द्राक्षांचेच पाहा ना!

१९९१ साली द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ ही विक्रीसंस्था उभारली. आपल्याकडे मणी चाखून भाव ठरतो. युरोपच्या व्यापाऱ्याला मात्र मण्यांचा ठराविक आकार, हिरवागार देठ आणि औषधांच्या अंशांविषयी खात्री हवी असते. काढणी होताच माल थंड करणे, पेटीत गंधकाचा वायू मंदपणे सोडणारे कागद घालणे, ही विद्या चुका करीत करीतच शिकावी लागली. २००६ मध्ये ‘अपेडा’ या निर्यातविषयक सरकारी संस्थेने ‘ग्रेपनेट’ सुरू केले, आणि परदेशी दुकानातल्या पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला.

एवढी सिद्धता असूनही २०१० साली मोठी ठेच लागली. वेलीची फाजील वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळले व माल नाकारला गेला. आपल्याकडे तपासणी होत नव्हती असे नाही. तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हते! खरेदीदार देशाचा नियम वेळीच वाचून, त्याचा अर्थ लावून, तो छाटणीपूर्वी बागेपर्यंत पोहोचविणारा दुवा तेवढा निसटला, आणि नुकसान मात्र बागायतदाराच्या पदरी पडले. विक्रीचे सामर्थ्य म्हणतात ते माझ्या मते या दुव्यात असते. आकर्षक वेष्टन ही त्यापुढची गोष्ट. पुढे हे नाव तपासणीच्या यादीत आले.

अर्थात सर्वच संकटे वाचनाने टळत नाहीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात युरोपकडे निघालेल्या पुष्कळशा जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला; भाडे वाढले, प्रवास लांबला. अशा वेळी ज्याने आखाती देशांतही ग्राहक जोडून ठेवले असतील, त्याला काही माल तिकडे वळविता येतो. पण तेथील ग्राहक हंगामाच्या ऐन मध्यावर शोधून सापडत नाही. ती ओळख आधीच्या वर्षांत, कदाचित थोडा कमी भाव घेऊनही, जोडावी लागते. तो खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून तर संस्था हवी.